वनभोजनाला अदलाबदल चालेल का? चालेल, पण आधी कामं वाटा

प्रश्न थोडक्यात असा. नागपुरातल्या एका कॉलनीतली ३५ घरं दर हिवाळ्यात शहराबाहेरच्या वावरात रोडग्यांचा, म्हणजे गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांच्या जेवणाचा, कार्यक्रम करतात. गेली दोन वर्षं वर्गणीवरून कुरबुर झाली. कोणी चार माणसं आणून दोघांचेच पैसे दिले, कोणी हिशेब मागितला म्हणून खजिनदार रुसले. यंदा ताईंच्या मनात आहे की पैसा मध्ये आणायचाच नाही. ज्यानं त्यानं घरातली वस्तू आणावी, अदलाबदल करावी, कामंही वाटून घ्यावीत. हे जमेल का, आणि जमवायचं तर कसं?

ताई, मी आचारी नाही आणि केटररही नाही. नोकरीतून निवृत्त झालेला, मोठ्या पातेल्यांची हौस असलेला माणूस आहे. सक्करदऱ्यातल्या आमच्या मित्रमंडळाचे रोडगे, नात्यातली कार्तिकातली आवळीभोजनं, कोणाच्या वावरातला हुरडा, असं २८ वर्षं चाललंय. त्यातल्या निम्म्या गोष्टी मी आधी चुकलो आणि मग शिकलो. तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर: अर्धं जमेल. कामं वाटून घेणं जमेल, आणि छान जमेल. अदलाबदलही जमेल, पण जेवण झाल्यावर. अदलाबदलीवर स्वयंपाकच उभा करायला गेलात तर दुपारी दोन वाजता १२० माणसं रिकाम्या पत्रावळीकडे बघत बसतील.

कारण सरळ आहे. गोवऱ्या ज्या गड्याकडून घ्यायच्या, त्याला तुमच्या घरचं लिंबाचं लोणचं नको असतं. त्याला पैसे हवे असतात. मेटॅडोरवाल्याला डिझेल भरायचं असतं. मला तुमचं तूप हवं, तुम्हाला माझी कणीक हवी, हे एकाच वेळी, एकाच मापात जुळलं तरच वस्तूला वस्तू मिळते. ३५ घरांत असं जुळवत बसायचं तर डिसेंबरच्या कार्यक्रमासाठी पोळ्यापासून बैठका घ्याव्या लागतील. आसामात मोरीगाव जिल्ह्यात जोनबिल मेळा भरतो, माघ बिहूच्या दिवसांत, तीन दिवस. तिथे आजही वस्तूला वस्तू देतात. डोंगरातली तिवा, कार्बी, खासी माणसं आलं, हळद, भोपळे घेऊन उतरतात आणि मैदानातल्या लोकांकडून सुकी मासळी, पिठाचे पदार्थ घेऊन जातात. तिथे ते जमतं, कारण एकाकडे जे पिकतं ते दुसऱ्याकडे पिकत नाही. तुमच्या कॉलनीत सगळ्यांच्या घरी एकाच बाजारातली तूरडाळ आहे. अदलाबदल कशाची करणार?

मग वर्गणीच घ्यायची का? पूर्ण नाही. आमच्याकडे एक मधली वाट आहे, जुनी आहे, तिला शिधा म्हणतात. पण शिध्यातही एक खोच आहे आणि ती मी फार उशिरा शिकलो. पहिल्यांदा आम्ही देवळातल्या भंडाऱ्यासारखा शिधा गोळा केला. प्रत्येक घरून वाटीभर डाळ, दोन वाट्या तांदूळ, असं. दिसायला फार गोड. आणि डाळ शिजेना! अर्धी डाळ पार विरघळली आणि अर्धी दाताखाली कचकच. कोणाची डाळ नवी, कोणाची दोन वर्षांची जुनी, कोणाची तेल लावून ठेवलेली, कोणाची शेतावरची बिनपॉलिशची. प्रत्येकीला शिजायला वेगळा वेळ. तांदळाचंही तेच. एकाचा चिन्नोर, एकाचा रेशनचा. खाली लगदा आणि वर कणी. तेव्हापासून नियम असा की एक धान्य शक्यतो एकाच घरून यायचं. एक घर सगळी डाळ आणेल, दुसरं घर सगळे तांदूळ, तिघं मिळून गहू, आणि गहू एकाच चक्कीवर एकदम जाडसर दळून घ्यायचे. तूप एका घराला झेपत नाही, ते चौघांत. कोण काय आणतं ते दर वर्षी फिरतं, म्हणजे महागाचं काम कायम एकाच्याच गळ्यात राहत नाही.

माप विचाराल तर माझं माप असं. रोडग्याला मुलं-म्हातारी धरून माणशी सरासरी २०० ग्रॅम कणीक, म्हणजे १२० माणसांना २४ किलो. तूरडाळ माणशी ६० ग्रॅम, सात किलोच्या वर थोडी. वांगी १८ किलो, आणि ती आदल्या दिवशीच्या बाजारातली, कीड बघून घेतलेली. तूप चार किलो. पाच लागेल असं वाटतं, पण लागत नाही. भात कमी ठेवा, पाच-सहा किलो तांदूळ पुरे, कारण दोन रोडगे पोटात गेल्यावर भाताकडे कोणी बघत नाही. आमच्याकडे भाताचं पातेलं भरलेलं परत आल्याची तीन वर्षं वहीत लिहून आहेत.

रोख पैसा फक्त तिथेच घ्या जिथे वस्तू किंवा श्रम चालत नाहीत: गाडी, गोवऱ्या, पाण्याचे कॅन. तेवढेच भागिले माणसं. घर नाही, माणसं. पाहुणा आणला तर त्याचेही द्यायचे. हा आकडा लहान असतो, म्हणून भांडणही लहान होतं.

आता कामांचं. इथे मी जरा कडक आहे. वस्तू देताना मोजू नका, काम देताना मात्र मोजून द्या. लोक नेमकं उलटं करतात. लोणच्याच्या बरणीची किंमत काढत बसतात आणि कामाचं म्हणतात, "बघून घेऊ ना, आपलेच आहेत सगळे." सगळे आपलेच असतात, म्हणून तर मीठ राहतं.

मीठ खरंच राहिलं होतं. कळमेश्वरच्या पुढे एक वावर होतं, साठेक माणसं. कणीक परातीत काढली, ओवा घातला, तेलाचं मोहन घातलं आणि मीठ मागितलं तर सगळे एकमेकांकडे बघायला लागले. प्रत्येकाला वाटलं होतं की मीठ काय, कोणीतरी आणेलच. गाव तीन किलोमीटर मागे. वावराच्या धुऱ्यापलीकडे सालदाराची, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राहणाऱ्या शेतगड्याची, झोपडी होती, तिथे मी आणि माझा मेहुणा गेलो. बाई अंगणात तुरी झोडपत होत्या. मीठ मागितलं तर आत जाऊन जाड्या मिठाचा डालड्याचा जुना डबा घेऊन आल्या. मी खिशात हात घातला तर म्हणाल्या, "मिठाचे पैसे घेत असतेत का जी?" मी डबा घ्यायला हात पुढे केला तर त्यांनी तो ओट्यावर ठेवला. "हातात नाही देत मी. मीठ हातात दिलं का भांडण होते." आम्ही डबा ओट्यावरून उचलला. परत देताना तो रिकामा कसा द्यायचा? त्यात सहा रोडगे घातले, गरम, फोडून, वर तूप सोडून, आणि वांग्याची भाजी वेगळ्या द्रोणात. पुढच्या वर्षी आम्ही त्याच वावरात गेलो तेव्हा त्यांच्या मुलानं उकडलेल्या तुरीच्या शेंगांचं टोपलं आमच्या सतरंजीवर आणून ठेवलं आणि काही न बोलता गेला. त्याच्या पुढच्या वर्षी आम्ही त्यांच्यासाठी नागपूरहून संत्री नेली. हे अजून चालू आहे. कोणी कधी भाव केला नाही आणि कोणाचं किती देणं राहिलं तेही कोणाला माहीत नाही.

असो. मिठामुळे मी कामांची वही सुरू केली. वहीत प्रत्येक कामापुढे दोन नावं असतात. आम्ही त्याला जोडी म्हणतो, बैलजोडीसारखी. एक धनी, एक जोडीदार. धन्याला ताप आला, सासरे दवाखान्यात गेले, तर जोडीदारानं ओढायचं. काम असं लिहायचं की ते कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं ते कळेल. 'पाणी' असं लिहू नका. 'वीस लिटरचे १५ कॅन शनिवारी संध्याकाळी घेणं, वावरात सावलीत ठेवणं, पेले धुण्याचं पाणी वेगळ्या ड्रममध्ये भरणं, संध्याकाळी रिकामे कॅन परत करणं' असं लिहा. कॅन परत करणं लिहिलं नाही तर ते कोणाच्या तरी गॅलरीत होळीपर्यंत पडून राहतात आणि अनामत बुडते. १५ कॅन कुठून आले? प्यायला माणशी अडीच लिटर धरतो. थंडीत कमी पितात हे खरं, पण निखाऱ्याजवळ बसलेला माणूस पितो आणि मुलं सांडतात.

कामं वाटायची पद्धत: आधी ज्याला जे हवं ते घेऊ द्या. आवडीचं काम माणूस नीट करतो. उरलेल्यांच्या चिठ्ठ्या. चिठ्ठी लहान मुलाच्या हातून काढा, मग कोणी हरकत घेत नाही. गेल्या वर्षी ज्याच्याकडे भांडी होती त्याला यंदा भांडी नाहीत, एवढं एक बंधन. निर्णय मतदानानं घेऊ नका. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावात सर्वसहमतीनं ठरवतात, हे तुम्ही ऐकलं असेल. तिथे प्रश्न जंगलाचा, आपला वांग्यांचा, पण शहाणपण तेच. १८ विरुद्ध १७ मतांनी ठरलेला कार्यक्रम १७ घरांचा नसतोच.

तुम्ही पुढे विचारलंय, काम नको असेल त्यानं ५०० रुपये दिले तर चालतील का, आणि काम चुकवलं तर दंड ठेवावा का. दोन्हीला माझा नकार आहे. पहिल्याचं कारण आम्ही भोगलंय. एका वर्षी दोन घरांनी पैसे देऊन सुटका करून घेतली, पुढच्या वर्षी अकरा घरं पैसे घेऊन तयार, आणि काम करायला उरले ते ज्यांना ५०० जड जातात ते. मग ते वनभोजन राहिलं का? दंडाबद्दल माझी मुलगी, जी अर्थशास्त्र शिकवते, तिनं सांगितलेली गोष्ट सांगतो. इस्रायलच्या हैफा शहरात १० पाळणाघरांमध्ये एक प्रयोग झाला, २००० साली तो छापून आला. पालक मुलांना घ्यायला उशिरा येतात म्हणून काही पाळणाघरांनी दंड लावला. उशिरा येणारे कमी व्हायच्याऐवजी वाढले, जवळजवळ दुप्पट. आधी उशीर झाला की पालकांना लाज वाटायची. दंड लागल्यावर वाटेना, पैसे दिले की झालं. आणि दंड काढून टाकला तरी ते पूर्वपदावर आले नाहीत. आपल्याकडे लाज अजून फुकट आहे आणि चांगली चालते. काम चुकलं त्याचं नाव वहीत तसंच राहतं, पुढच्या बैठकीत वही वाचली जाते, बस्स.

मात्र एक सोय ठेवा. ज्याला काही आणणं परवडत नाही, ज्याचं वय झालंय, जो खोली करून राहणारा विद्यार्थी आहे, त्याला वस्तू माफ. काम मात्र माफ नाही, हलकं द्या. आमच्याकडे ८१ वर्षांचे एक काका खुर्चीवर बसून चपला सांभाळायचे आणि मुलांना गोष्टी सांगायचे. ते काम त्यांच्याकडून काढून घेतलं असतं तर ते आलेच नसते.

पुरुष-बायकांचं बोलतो. बहुतेक मंडळांत असं होतं की बायका घरच्याच स्वयंपाकघरातून उठून वावरातल्या स्वयंपाकघरात बसतात आणि पुरुष आंब्याखाली पत्ते कुटतात. आमच्याकडे १५ वर्षांपूर्वी बायकांनीच ठणकावलं, "आम्ही यंदा फक्त जेवायला येतो." त्या वर्षी कणीक मळण्यापासून वरणाला फोडणी देण्यापर्यंत सगळं पुरुषांनी केलं. वरणात हिंग दोनदा पडला, बाकी बरं होतं. तसंही रोडग्याची घट्ट कणीक मळणं हे दंडातल्या ताकदीचं काम आहे. जाडसर पीठ, मोहन, कमी पाणी. २४ किलो मळून बघा. मग तिच्या लहान पाऱ्या लाटून, मध्ये तेल नि कोरडं पीठ लावून एकावर एक ठेवायच्या आणि शेवटच्या मोठ्या पारीत सगळं बंद करून गोळा करायचा. हे काम आज्यांकडून शिकायचं. आज्यांना मळायला लावायचं नाही, बसवून शिकवायला लावायचं.

विस्तव हे एकच काम असं आहे की जिथे मी चिठ्ठी टाकत नाही. ज्याला येतं त्यालाच. गोवऱ्यांचा ढीग पेटवला की तासभर तरी धूर आणि ज्वाळा. ज्वाळा बसून लाल निखारा झाला की तो पसरायचा, त्यावर रोडगे मांडायचे, उलटायचे, आणि बाहेरून डाग पडले की फुफाट्यात पुरायचे. घाई केली की बाहेर कोळसा, आत कच्ची कणीक. रोडगा तयार झाला हे बोटानं दाबून कळत नाही; एक फोडून बघावा लागतो. पहिला फोडलेला रोडगा भाजणाऱ्याचा, हा आमचा अलिखित नियम. काढल्यावर जाड फडक्यात घेऊन राख झटकायची.

विस्तव लावायच्या आधी मान वर करून झाड बघा. आग्या मोहोळ असेल तर तिथून लांब जा, फार लांब. धूर लागला की ते उठतं आणि मग रोडगे-बिडगे राहतात बाजूला. शेतात कापसाची पऱ्हाटी उभी असेल किंवा तुराट्यांचा ढीग असेल तर वाऱ्याची दिशा बघून जागा निवडा. राखीव जंगलात तर विस्तव पेटवायचाच नाही, १९२७ च्या वन कायद्यानं तो गुन्हा आहे. पिकनिकच्या भरात लोक हे विसरतात. म्हणून म्हणतो, ओळखीचं वावर बरं.

वावरमालकाला आधी चार गोष्टी विचारा. विहिरीला कठडा आहे का? नसेल तर एक जोडी फक्त विहिरीवर, पाळीपाळीनं, आणि त्या जोडीच्या हातात मोबाइल नको. रानडुकरांसाठी कुंपणाला झटका मशीन लावलंय का, ते दिवसभर बंद ठेवाल का? तुरीवर, हरभऱ्यावर औषध कधी फवारलं? मुलं सरळ शेंगा तोडून तोंडात घालतात, त्यामुळे हा प्रश्न संकोच न करता विचारायचा. आणि चौथं, जनावरं कुठे बांधणार? धुरानं बैल बिथरतात.

वावरमालक या सगळ्या वाटणीत विसरला जातो. आपण ३५ घरांचं देणं-घेणं मोजतो आणि ज्याच्या मातीवर बसतो त्याला 'आलो हं, धन्यवाद' म्हणून निघतो. एका वावराचं दार आमच्यासाठी असंच बंद झालं. आमच्यातल्याच कोणीतरी बांधावर काचेची बाटली फोडली, आणि नांगरटीच्या वेळी बैलाच्या खुरात काच गेली. मालकानं फोनवर शिवी दिली नाही, आवाजही चढवला नाही. फक्त म्हणाला, "पुढच्या साली नका येऊ भाऊ." त्यानंतर आम्ही ठरवलं की कचरा हे शेवटचं काम नाही, पहिलं काम. पोहोचल्या पोहोचल्या दोन पोती बांधायची: एकात पळसाच्या पत्रावळी नि भाजीची सालं, जी मालकाच्या उकिरड्यात जातील, दुसऱ्यात बाकी सगळं, जे आपल्या गाडीतून नागपुरात परत येईल. चकचकीत प्लास्टिक चढवलेले द्रोण आणूच नका, ते पहिल्या पोत्यात चालत नाहीत आणि जनावरं खातात. थर्मोकोलच्या ताटल्यांवर तर राज्यात २०१८ पासूनच बंदी आहे. मालकाच्या घरची माणसं पहिल्या पंगतीला बसवा, घरी राहिलेल्यांचे डबे बांधून द्या, आणि भाडं तो घेत नसेल तर तो काय घेईल ते त्याच्या घरच्यांना विचारा. आमच्या एका मालकानं काय मागितलं माहीत आहे? त्याच्या मुलीला दहावीचं गणित. आमच्यातले एक शिक्षक फेब्रुवारीपर्यंत दर रविवारी जाऊन शिकवत होते. गोवऱ्यांची थंड राख त्याला खताला हवी असते, ती बाहेर फेकू नका.

थंड राख म्हटलं, पण ती लवकर थंड होत नाही. वरून पांढरी दिसते आणि आत संध्याकाळपर्यंत निखारा असतो. म्हणून वहीत शेवटचं नाव 'मागचा माणूस' असतं. सगळ्या गाड्या निघाल्यावर तो आणि त्याचा जोडीदार राख पसरतात, पाणी मारतात, काठीनं उकरतात, पुन्हा पाणी मारतात, हाताची मागची बाजू जवळ नेऊन धग बघतात आणि मगच निघतात. या जोडीला सकाळी काहीच काम देऊ नका. दिवसभर दमलेला माणूस हे नीट करत नाही.

पंगतीबद्दल एकच. वाढणारे कायम तेच राहू देऊ नका. पहिल्या पंगतीत मुलं, म्हातारी, वावरवाले. दुसऱ्या पंगतीला वाढणारे बसतात आणि पहिल्या पंगतीतली धडधाकट मंडळी वाढायला उठतात. तुमच्या मनातली अदलाबदल हवी तर ही घ्या.

आता ती दुसरी, वस्तूंची. एके वर्षी आम्ही फार हुशारी केली. प्रत्येक वस्तूला पुठ्ठ्याच्या चकत्या ठरवल्या. स्वेटर तीन चकत्या, लोणच्याची बरणी दोन, पुस्तक एक. तासाभरात असं झालं की एका काकूंच्या किलोभर भोकराच्या लोणच्याच्या बदल्यात त्यांना चाक तुटलेली खेळण्यातली गाडी आली. एकानं बंद पडलेला मिक्सर 'थोडं बघावं लागेल' म्हणून चार चकत्यांना खपवला. आणि आमची पोरं, नागपूरचीच ती, त्यांनी झाडामागे चकत्या दहा-दहा रुपयांना विकायला काढल्या! काकू दोन वर्षं आल्या नाहीत. लोणच्यासाठी नाही, 'माझं दोन चकत्यांचं' ऐकल्यामुळे.

पुढच्या वर्षी काकूंच्याच सुनेनं सांगितलं की याचं नाव बदला, आपोआप सुधारेल. संक्रांतीला आपण वाण 'लुटतो', दसऱ्याला सोनं 'लुटतो'. न मोजता द्यायला आपल्याकडे हाच शब्द आहे. तेव्हापासून आमच्याकडे जेवणानंतर 'लूट' असते. दोन सतरंज्या. घरून एक ते तीन वस्तू आणायच्या आणि ठेवायच्या, कोणी आणली ते सांगायचं नाही. सगळं मांडून झाल्यावर हवं ते उचलायचं, पहिल्या फेरीत एकच. दुसऱ्या फेरीत उरलेलं. शेवटी जे उरेल ते ज्यानं आणलं त्यानं निमूट परत न्यायचं, वावरवाल्याच्या गळ्यात 'दान' म्हणून टाकायचं नाही. एकच अट: स्वतःच्या भावाला द्यायला लाज वाटेल अशी वस्तू आणू नये. मिक्सर परत आला नाही.

काय चालतं ते सांगतो, म्हणजे अंदाज येईल. सगळ्यात आधी उडतात घरच्या गोष्टी: भिवापुरी मिरचीचं तिखट, वायगावची हळद, सरगुंडे, कुरड्या, मुगवड्या, जवसाची चटणी. मग रोपं आणि बिया. घरच्या परसातल्या वालाच्या, दुधी भोपळ्याच्या बियांची पुडी आमच्याकडे स्वेटरच्या आधी जाते. पुस्तकं बरी जातात, शोभेच्या वस्तू परत येतात. ओला पदार्थ, खवा-दुधाची मिठाई, सकाळचा शिजवलेला पदार्थ सतरंजीवर नको. शिजवलेलं अन्न दोन तासांच्या वर तसंच ठेवू नये, हे दवाखान्यात जाऊन शिकण्यासारखं नाही. 'मी तुमचा ब्लाऊज शिवून देईन', 'सायकल दुरुस्त करून देईन' अशा चिठ्ठ्याही आम्ही ठेवून पाहिल्या. बहुतेक चिठ्ठ्या फ्रिजवर चिकटून राहिल्या. दोन-तीनच वटल्या, पण त्यातल्या एका चिठ्ठीतून दोन घरांचं येणं-जाणं सुरू झालं, म्हणून बंद केल्या नाहीत.

तुमच्या ३५ घरांत पहिल्या वर्षी ही लूट अर्धी फसेल. काही जण रिकाम्या हातांनी येतील आणि तीन वस्तू घेऊन जातील. त्यांना काही बोलू नका. आमचा एक शेजारी चार वर्षं असाच यायचा. पाचव्या वर्षी त्यानं गावाकडून संत्र्याचा अख्खा क्रेट आणला, सतरंजीच्या कडेला ठेवला आणि चपला घालायला गेला.

तारीख जानेवारीतली धरा. डिसेंबरअखेर लग्नं आणि सहली असतात, गाड्या महाग पडतात. जानेवारीत तुरीच्या शेंगा, ओला हरभरा, हुरडा सगळं एकदम असतं. पहिली बैठक कार्यक्रमाच्या तीन आठवडे आधी, दुसरी आदल्या गुरुवारी, आणि दुसरीत फक्त वही वाचायची. प्रत्येकानं आपलं काम आपल्या तोंडानं म्हणायचं. तेवढ्यात निम्मी विसरलेली माणसं सापडतात. मीठ मात्र दोन घरांना सांगा, आणि एकमेकांना सांगू नका असंही सांगा.